माघार : एका शब्दाचा आणि एका निवाड्याचा इतिहास

१

मराठीत ‘माघार’ या शब्दाभोवती जे शब्दकुटुंब उभे आहे ते एका वृत्तीचे नाही. ‘माघार घेणे’ म्हणजे पुढे टाकलेले पाऊल मागे घेणे. हा अर्थ मूळचा रणांगणावरचा. आज निवडणुकीच्या अर्जापासून न्यायालयातील दाव्यापर्यंत तो सर्वत्र रुळला आहे. परंतु ‘तो माघारी आला’ या वाक्यात पराभवाचा लेशही नसतो. गेलेला माणूस आपल्या ठिकाणी परतला, एवढेच तेथे सांगावयाचे असते. सासरी दिलेली लेक माहेरी आली की ग्रामीण बोली तिला ‘माघारीण’ म्हणते, तेव्हा तर या शब्दात ओलावाच असतो. ‘त्याच्या माघारी’ असे म्हटले की तिसराच अर्थ पुढे येतो : त्याच्या अनुपस्थितीत, किंवा तो गेल्यानंतर. मागे सरणे, परत येणे आणि मागे उरणे अशा तीन क्रिया भाषेने एका मुळाशी बांधून ठेवल्या आहेत.

या तटस्थ शब्दाशेजारी निवाडा देणारे वाक्प्रचारही आहेत, आणि ते बहुधा शरीराच्या अवयवांवर बेतलेले आहेत. ‘पाठ दाखवणे’ यात लाज आहे. ‘काढता पाय घेणे’ यात सावध शहाणपण आहे. ‘अंग काढून घेणे’ यात जबाबदारी टाळल्याचा ठपका आहे. ‘शेपूट घालणे’ यात तर माणूसपणच काढून घेतले आहे. एकच माणूस एकाच दिवशी एका ठिकाणाहून निघून जातो. त्याने पाठ दाखवली की काढता पाय घेतला, हे त्याच्या चालण्यावरून ठरत नाही. ते सांगणाऱ्याच्या शब्दावरून ठरते. इतिहासलेखन आणि वाङ्मयसमीक्षा या दोन्ही क्षेत्रांत हा शब्द निवडण्याचे काम सतत चाललेले असते, आणि ते पुष्कळदा विचार न करता होते. म्हणून मराठीच्या इतिहासात माघारीला कोणकोणते अर्थ मिळाले, आणि ते कोणत्या आधारावर मिळाले, हे तपासणे अगत्याचे आहे.

२

मराठ्यांच्या युद्धपद्धतीला मिळालेले नाव या दृष्टीने बोलके आहे. ‘गनीम’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द. अर्थ शत्रू, लुटारू. मोगल दरबारच्या भाषेत हा शब्द मराठ्यांना उद्देशून वापरला जाई. ‘कावा’ म्हणजे घोड्याला गोल फेर धरायला लावणे, वळवणे. म्हणजे ‘गनिमी कावा’ हे नाव शत्रूच्या नजरेतून घडलेले आहे. समोरासमोर उभे न राहणारा, वळून दूर जाणारा आणि पुन्हा येणारा असा हा वैरी. दिल्लीच्या लेखी जे दूषण होते ते मराठीत भूषण म्हणून स्थिरावले. मागे वळणे हा युद्धाचाच एक भाग मानणारी दृष्टी या शब्दात सामावली आहे.

या दृष्टीची उदाहरणे शालेय पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक असली, तरी त्यांतील एक गोष्ट सहसा नजरेआड होते. १६६०च्या जुलैत शिवाजीमहाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निसटले. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी देह ठेवला. ही कथा विजयासारखी सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यानंतर पन्हाळा आदिलशाहीच्या हवाली करावा लागला आणि तो परत मिळण्यास १६७३ साल उजाडले. १६६५च्या पुरंदरच्या तहात चार लक्ष होनांच्या उत्पन्नाचे २३ किल्ले मोगलांना देऊन एक लक्ष होनांचे १२ किल्ले राखले गेले. १६७० पासून दिलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली. १६७० सालचे लिहिताना १६६५च्या तहाला दूरदृष्टी म्हणणे सोपे असते. १६६६च्या ऑगस्टपूर्वी, महाराज आग्र्यात नजरकैदेत असताना, त्या तहाचे वर्णन कोणी कोणत्या शब्दात केले असते, हा प्रश्न विचारून पाहण्याजोगा आहे. माघारीचा अर्थ माघारीच्या क्षणी सिद्ध नसतो. नंतरच्या घटना तो मागाहून पुरवतात.

३

या विधानाची खरी कसोटी जिंजीच्या प्रकरणात लागते. १६८९च्या मार्चमध्ये संभाजीमहाराजांची हत्या झाली. एप्रिलमध्ये राजाराममहाराजांनी रायगड सोडला. नोव्हेंबरात तो झुल्फिकारखानाच्या हाती पडला आणि येसूबाई व बाल शाहू कैद झाले. त्याआधी, सप्टेंबरात, राजाराममहाराज मोजक्या सोबत्यांसह पन्हाळ्याहून वेषांतर करून निघाले आणि केळदीच्या राणी चेन्नम्मांच्या मुलखातून, तिच्या साहाय्याने, दूर तमिळ प्रदेशातील जिंजीस पोहोचले. बाह्यतः पाहता राजा राजधानी सोडून, कुटुंब शत्रूच्या तावडीत टाकून, शेकडो कोस दूर गेला होता. ‘पळाला’ या क्रियापदाला लागणारे सर्व साहित्य येथे उपलब्ध होते.

तरीही मराठी परंपरेने ते क्रियापद वापरले नाही. याची दोन कारणे दिसतात. पहिले राजकीय आहे. जिंजी ही अचानक सापडलेली आडोशाची जागा नव्हती. १६७७च्या कर्नाटक मोहिमेत शिवाजीमहाराजांनी ती घेतली होती. मागे सरण्याची जागा बारा वर्षे आधी तयार होती. शिवाय राजाच्या माघारी महाराष्ट्रात राज्य चालवणारे लोक होते. रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकमतपनाह’ म्हणून अधिकार दिले गेले. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगली फौजांना स्वस्थता लाभू दिली नाही. जिंजीचा वेढा १६९० पासून १६९८च्या आरंभापर्यंत चालला. किल्ला पडण्यापूर्वी राजाराममहाराज निसटून विशाळगडी आले. औरंगजेब उत्तरेत परतलाच नाही; १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला. पुढे रामचंद्रपंतांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त गडकोटांना जे मध्यवर्ती स्थान मिळाले, त्यामागे या काळाचा अनुभव उभा आहे. गड म्हणजे माघारीची जागा, आणि माघारीची जागा हेच राज्याचे बळ, हा विचार राजनीतीच्या ग्रंथात सिद्धान्त म्हणून येतो.

दुसरे कारण वाङ्मयीन आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला ते अधिक महत्त्वाचे वाटावे. जिंजीच्या माघारीने स्वतःचे लेखक निर्माण केले. केशव पंडिताने ‘राजारामचरितम्’ हे संस्कृत काव्य या प्रवासावरच रचले. चरितकाव्याचा साचा वापरताच निसटणे हे नायकाचे प्रस्थान होते. नद्या ओलांडणे, पाठलाग, मित्रराजांचे साहाय्य हे काव्याचे प्रसंग होतात. त्याहून अर्थपूर्ण घटना म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदाची बखर. शिवाजीमहाराजांचे हे आद्य मराठी गद्यचरित्र राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून, सर्वसाधारणपणे १६९७ मध्ये, म्हणजे जिंजीस वेढा पडलेला असताना सिद्ध झाले. रायगड हातात नसताना रायगडावरील राज्याभिषेकाचे वर्णन लिहिले जात होते. वडिलांनी शून्यातून राज्य कसे उभे केले हे ऐकण्याची गरज, ते राज्य हातातून निसटत असतानाच मुलाला वाटावी यात आश्चर्य नाही. मराठी ऐतिहासिक गद्याचा एक पाया माघारीच्या मुक्कामी घातला गेला, ही वस्तुस्थिती वाङ्मयेतिहासात तारखेच्या पलीकडे क्वचितच विचारात घेतली जाते.

४

आता याच चित्राशेजारी दुसरे ठेवावे. १८१७च्या ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. १७ नोव्हेंबरला पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. दुसरा बाजीराव फौजेसह निघाला. साताऱ्याकडे, पंढरपूरकडे, जुन्नरकडे, कोरेगावावरून पुन्हा दक्षिणेस, असे फिरत असताना १८१८च्या २० फेब्रुवारीला आष्टीत बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती गेले. जूनच्या आरंभी बाजीरावाने माल्कमच्या स्वाधीन होऊन वार्षिक आठ लक्ष रुपयांचे निवृत्तिवेतन स्वीकारले. दक्षिणेत न परतण्याची अट त्यात होती. १८५१ मध्ये ब्रह्मावर्तास त्याचा मृत्यू झाला. मराठीने त्याला एक विशेषण कायमचे चिकटवले : पळपुटा.

या विशेषणाला आधार नाही असे नाही. १८०२च्या हडपसरच्या लढाईनंतर याच बाजीरावाने पुणे सोडून इंग्रजांचा आश्रय घेतला आणि वर्षअखेरीस वसईचा तह केला होता. परंतु १८१७-१८ची सात महिन्यांची भटकंती आणि १६८९चे प्रस्थान यांतील भेद केवळ दोन पुरुषांच्या धैर्यातील भेद आहे, असे मानणे हा इतिहासाचा फार सोपा अर्थ झाला. बाजीराव पुण्याबाहेर पडला तेव्हा त्याच्या माघारी कोण होते? शिंद्यांनी खडकीच्या दिवशीच इंग्रजांशी तह केला होता. नोव्हेंबर संपण्यापूर्वी सीताबर्डीस भोसल्यांचा आणि २१ डिसेंबरला महिदपुरास होळकरांचा मोड झाला. सिंहगड मार्चमध्ये, रायगड मे महिन्यात पडला; तोफखान्यापुढे गडांचा जुना आधार उरला नव्हता. शिवाय यात एक कटू संगती आहे. राजा नसताना राज्य चालावे म्हणून जिंजीच्या काळात सरदारांना वतने व सरंजाम देण्याची वाट मोकळी झाली. तिनेच पुढे सरदारांना स्वतंत्र केले, असे अनेक इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. एका माघारीला तारणाऱ्या व्यवस्थेने सव्वाशे वर्षांनंतरच्या माघारीला निराधार केले.

आणि या वेळी माघारीचा लेखकही दुसऱ्या बाजूचा होता. साताऱ्यास रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. ‘मराठ्यांची बखर’ या नावाने त्याचे मराठी रूपांतर लवकरच शाळांतून वाचले जाऊ लागले. जिंजीला सभासद लाभला. ब्रह्मावर्ताच्या वाट्याला विजेत्याचा इतिहासकार आला. विसाव्या शतकात ना. सं. इनामदारांनी ‘मंत्रावेगळा’ ही कादंबरी लिहून या बाजीरावाकडे सहानुभूतीने पाहिले, तेव्हा त्यांना आधी एका विशेषणाशी झगडावे लागले. ‘पळपुटा’ या शब्दाची सोय मोठी आहे. एका सबंध राज्यव्यवस्थेच्या विघटनाचे उत्तर तो एका माणसाच्या पायांत शोधून देतो, आणि मग समाजाला आणखी काही विचारावे लागत नाही.

५

रणांगणावरून धर्मविचाराकडे वळले की माघारीला ‘निवृत्ती’ हे प्रतिष्ठित नाव मिळते. मराठी संतपरंपरेच्या उगमाशीच या शब्दाचा एक विलक्षण पेच उभा आहे. परंपरा सांगते की विठ्ठलपंतांनी काशीस संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेवरून ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले. संसारातून माघार समाजाला मान्य होती. माघारीतून माघारी येणे मान्य नव्हते. त्याची शिक्षा चार मुलांना भोगावी लागली, आणि त्यांतील थोरल्याचे नाव निवृत्ती होते. संन्यास हा एकमार्गी रस्ता आहे, या शास्त्रनियमावर झालेला हा आघात वारकरी संप्रदायाच्या पुढील वाटचालीत महत्त्वाचा ठरला. वारी या संस्थेतच जाणे आणि परतणे दोन्ही आहे. शेत, घर, प्रपंच सोडून पंढरीस जावे आणि पुन्हा त्याच शेताघराकडे यावे, हा तिचा क्रम. येथे निवृत्ती ही कायमची अवस्था न राहता वर्षाच्या चक्रातील एक फेरी होते.

तुकारामांचे भामगिरी व भंडाऱ्यावरील एकान्तवासही याच संदर्भात पाहावे लागतात. १६३०च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळाने त्यांचा संसार आणि व्यापार उद्ध्वस्त केला होता. चरित्रपरंपरेनुसार डोंगरावरून परतल्यावर त्यांनी भावाचा हिस्सा बाजूला ठेवून आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. ही कथा जशीच्या तशी घेतली तर एकान्ताची फलश्रुती येणेकऱ्यांच्या घरापर्यंत पोहोचली, असा तिचा आशय आहे.

आधुनिक काळात मात्र निवृत्तीचा खटला नव्याने उभा राहिला. न्यायमूर्ती रानडे यांनी १९००च्या आपल्या ग्रंथात संतांच्या कार्याला मराठी सत्तेच्या उदयाचे एक कारण मानले. राजवाडे यांनी नेमका उलट पक्ष घेतला. संतांच्या निवृत्तिपर शिकवणीने समाज निष्क्रिय झाला, असा त्यांचा आरोप होता आणि त्यासाठी ‘संताळे’ असा उपरोधिक शब्दही त्यांनी चालवला. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी निवृत्तिपर भाष्यपरंपरेला उत्तर म्हणून कर्मयोग मांडला. तो ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात, म्हणजे सक्तीच्या निवृत्तीत लिहिला गेला होता. १९५०च्या ‘संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’त गं. बा. सरदारांनी हा प्रश्न आरोप-प्रत्यारोपांतून बाहेर काढून समाजेतिहासाच्या पातळीवर आणला. या वादात दोन्ही पक्षांनी एक गृहीतक समान धरले होते : कृती म्हणजे रणांगण किंवा राजकारण, आणि त्यापासून दूर तो निष्क्रिय. विठ्ठलपंतांच्या घराला वाळीत टाकणारा समाज मात्र या गृहीतकाला फसला नव्हता. संन्यासातून परत येणे ही केवढी मोठी कृती आहे, हे त्याला नीट कळले होते.

६

आतापर्यंतच्या विवेचनावरून एक कसोटी हाती येते. माघारी काही राखले असेल आणि माघारी येण्याची वाट मोकळी असेल, तर ती माघार सार्थ. ही कसोटी बरीच कामाची आहे. पण विसाव्या शतकातील एका अनुभवाने तिची मर्यादा दाखवून दिली.

१९२७च्या २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी प्याले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. तेवढ्यात विरोधकांनी न्यायालयाकडून मनाई मिळवली. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले, प्रतिनिधी सत्याग्रहास सज्ज होते. आणि तरीही डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह स्थगित करण्याचा सल्ला दिला. तळ्याला वळसा घालून मिरवणूक निघाली, पाणी घेतले गेले नाही. हजारोंच्या उत्साहासमोर मागे येण्यास सांगणे हे पुढे जाण्यास सांगण्याहून कठीण असते. हा निर्णय न्यायालयीन लढ्याच्या भरवशावर घेतलेला होता. १९३७च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. वरील कसोटीत ही माघार चपखल बसते.

नाशिकचे काळाराम मंदिर बसत नाही. १९३०च्या २ मार्चला तेथे सुरू झालेला सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला. १९३५च्या ऑक्टोबरात येवल्याच्या परिषदेत तो थांबवण्याचा निर्णय झाला आणि त्याच व्यासपीठावरून डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. येथे मंदिराच्या दाराशी पुन्हा येण्याचा हेतूच नव्हता. १९५६च्या १४ ऑक्टोबरला नागपुरास जे घडले ते या न परतण्याचे पूर्णत्व होते. ज्या अंगणात उभे राहण्याचा हक्कच नाकारला गेला आहे, त्या अंगणातून निघून जाणाऱ्याला ‘माघारी ये’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? रायगड राजाराममहाराजांचा होता, म्हणून परतण्याला अर्थ होता. काळारामाचे दार ज्यांच्यासाठी कधी उघडलेच नव्हते, त्यांच्या जाण्याला माघार हा शब्दच अपुरा पडतो. तेव्हा कसोटीत एक आधीचा प्रश्न घालावा लागतो : जे सोडले ते सोडणाऱ्याचे होते काय?

७

मराठी समीक्षेने या सर्व अर्थांचा वारसा मिळूनही विसाव्या शतकात एकच तयार शब्द हाताशी धरला : पलायनवाद. फडके-खांडेकर वादाच्या काळात, आणि लालजी पेंडसे यांच्या ‘साहित्य आणि समाजजीवन’ (१९३५) पासून पुढे आलेल्या समाजवादी दृष्टीच्या समीक्षेत, वास्तवाकडे पाठ फिरवणाऱ्या साहित्याची झडती घेणे आवश्यकच होते. परंतु रणांगणावरचा ‘पळ’ समीक्षेत आणताना त्याबरोबर रणांगणाची कल्पनाही आली. लेखकाने कोणत्या मैदानावर उभे राहावे हे समीक्षकाने आधीच ठरवलेले असते; तेथे जो दिसत नाही तो पळालेला. निसर्गकविता, प्रेमकविता, आत्मपर लेखन, गूढाकडे झुकलेली कथा या सर्वांना हे एकच माप लागले.

‘कोसला’ (१९६३) या कादंबरीभोवतीच्या चर्चेत हा पेच स्पष्ट होतो. पांडुरंग सांगवीकर शिक्षणासाठी पुण्यास जातो, तेथे अपयशी होतो आणि गावी येतो. तो हरून माघार घेतो की केवळ माघारी येतो? पहिला शब्द निवडला तर पुणे हे मैदान ठरते आणि सांगवी ही पराभवाची जागा. दुसरा निवडला तर सांगवी हे ठिकाण ठरते आणि पुणे ही मधली फेरी. पण कादंबरी त्याला माघारिणीचे सुख देत नाही. गावही त्याला ओळखीचे उरलेले नाही. त्याच दशकात अनियतकालिकांचे लेखक प्रस्थापित मासिकांपासून दूर झाले. १९५५च्या ‘शब्द’ने त्याची सुरुवात आधीच केली होती. त्यांच्या या दूर होण्याला पलायन म्हणणाऱ्यांनी, ती पाने त्यांची होती काय, हा येवल्याचा प्रश्न विचारला नव्हता.

माघारीचा प्रत्येक प्रकार समर्थनीय ठरवावा असा याचा अर्थ नाही. जबाबदारी टाकून जाणारे लेखक असतात, राज्यकर्तेही असतात, आणि भाषेने त्यांच्यासाठी ‘पाठ दाखवणे’ हा वाक्प्रचार राखून ठेवला आहे. तो वापरण्यापूर्वी काही गोष्टी मात्र तपासल्या पाहिजेत : जे सोडले ते सोडणाऱ्याचे होते काय, त्याच्या माघारी काय उरले, परतीची वाट होती काय, आणि हा सगळा वृत्तान्त कोण लिहीत आहे. जिंजीतला राजा आणि ब्रह्मावर्तातला पेशवा यांच्यासंबंधी मराठीने दोन वेगळे निवाडे दिले. ते दोन्ही कदाचित बरोबरही असतील. पण एकाची बाजू सभासदाने लिहिली आणि दुसऱ्याची ग्रँट डफने, हे ध्यानात ठेवल्यावाचून ते निवाडे पुढच्या पिढीच्या हाती देता येणार नाहीत.